काळी आणि खडी यांच्यामध्ये

मे महिन्याच्या अखेरीस पुण्याच्या पूर्वेला मांजरीच्या आमच्या प्लॉटवर, फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेत मी एक खड्डा खणून घेतला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद. वर बोटभर धूळ, तिच्याखाली मातीत माखलेली थोडी खडी, मग बराच वेळ बहुतेक काळी मातीच, आणि सव्वा फुटावर पहार पुन्हा दगडाला लागली. ती खडी आमचीच होती, तीन वर्षांपूर्वी टाकलेली. पुढच्या वर्षीची खडी तिच्या वर, मातीत इकडेतिकडे अडकून बसली होती. तळातला एक दगड मी नळाखाली धुतला. त्याच्या कडा क्रशरमधून आजच निघाल्यासारख्या धारदार होत्या. दगडाला काहीही झालं नव्हतं. तो फक्त त्याच्या जागेवर नव्हता.

तीन मीटर रुंद आणि तीस मीटर लांब अशा त्या वाटेवर आम्ही तीन पावसाळ्यांत मिळून अकरा ब्रास खडी टाकली होती. ज्याने ती टाकली त्याचं म्हणणं साधं होतं: "काळ्या रानात असंच असतं साहेब. जमीन खडी खाते. दर वर्षी दोन डंपर टाकत राहायचं." हे वाक्य मी नंतर हडपसर, फुरसुंगी, वाघोली अशा पूर्वेच्या सगळ्या पट्ट्यात ऐकलं. दुष्काळ किंवा महापूर सांगावा तशा निमूट स्वरात लोक ते सांगतात. माझं म्हणणं असं की जमीन खडी खात नाही. आपण ती तिला भरवतो. आणि खडी व माती यांच्यामध्ये एक पातळ कापड घातलं तर हे भरवणं थांबतं.

आधी मातीबद्दल. पुण्याला एकच माती नाही. कोथरूड, बावधन, पाषाणच्या बाजूला हातभर खणलं की बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो, कुठे कुठे सरळ कातळच. पूर्वेला उतरत गेलं की काळी सुरू होते आणि ती पार सोलापूरपर्यंत सोबत करते. बेसॉल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ की पाणी त्यांच्यामध्ये शिरून बसतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हाच गुण हवा असतो. पावसाळ्यात मुरलेली ओल ही माती महिनोन्‌महिने धरून ठेवते म्हणून तर रब्बीची ज्वारी जवळजवळ पावसाशिवाय पिकते. तिला काळी आई म्हणतात ते उगाच नाही. पण जी माती पाणी सोडत नाही, ती ओली असताना ओझं पेलत नाही. जमिनीची ताकद अभियंते सीबीआर या आकड्याने मोजतात. चांगल्या दाबलेल्या खडीचा आकडा १०० धरला, तर चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळीचा बहुधा २ ते ४ च्या घरात येतो. वाफसा नसताना रानात बैल घालू नये हे जे शेतकरी जाणतो, तेच प्रयोगशाळा या आकड्यातून सांगते.

अशा मातीवर खडी पसरली आणि वरून गाडी गेली की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. टोकदार दगड खाली दाबला जातो, हे आपल्याला दिसतं. दुसरी गोष्ट दिसत नाही. चाकाच्या दाबाने मातीतलं पाणी वर यायला बघतं, आणि येताना मऊ चिखल घेऊन खडीच्या फटींमध्ये शिरतं. चाक उचललं गेलं की पाणी परततं, चिखल वरच राहतो. पुढचं चाक, आणखी चिखल. खडीची सगळी ताकद दगडाला दगड टेकण्यात असते. फटींमध्ये चिखल बसला की दगडांमधलं टेकणं सुटतं आणि त्यांच्यामध्ये वंगण येतं. खडीत वजनाने साधारण पाचव्या हिश्श्याएवढी माती मिसळली तरी तो थर जवळजवळ खालच्या मातीइतकाच कमजोर होतो. म्हणजे आपण नऊ इंच खडी टाकली असं समजत असतो, आणि प्रत्यक्षात नऊ इंच महागडा चिखल तयार केलेला असतो. मग चाकोरी पडते, चाकोरीत पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी उरलेलं काम पुरं करतं.

इथे कापड काय करतं हे समजायला अभियांत्रिकीच्या पुस्तकाची गरज नाही. घरी चक्का बांधलेला ज्याने पाहिला आहे त्याला ते कळतं. दही पंच्यात बांधून खुंटीला टांगलं की पाणी ठिबकत राहतं आणि चक्का आत राहतो. कापड पाण्याला अडवत नाही, दह्याला अडवतं. फार विरळ कापड घेतलं तर दही निसटतं, फार दाट घेतलं तर पाणी निघत नाही आणि सकाळी चक्क्याऐवजी आंबट दही हाती येतं. रस्त्याखालचं जिओटेक्स्टाइल नेमकं एवढंच करतं. खालचं पाणी वर-खाली, आडवं जाऊ देतं, माती खालीच ठेवतं, आणि खडी वरच राहते. बांधकामावरचे लोक त्याला जिओचं कापड म्हणतात. एक प्रकार विणलेला असतो, पोत्यासारखा. दुसरा न विणलेला, सुयांनी टोचून टोचून घट्ट केलेला, नमद्यासारखा. घराच्या वाटेसाठी मी दुसरा घेतला, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा, कारण काळ्या मातीत गाळण्याचं काम जास्त महत्त्वाचं.

आणि म्हणूनच फ्लेक्स घालू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण पुण्यात वाढदिवसाच्या आणि निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सना तोटा नाही, आणि ते खडीखाली अंथरलेले मी चार ठिकाणी तरी पाहिले आहेत. अंथरणाऱ्याची बुद्धी बरोबर असते: मध्ये काहीतरी हवं हे त्याला कळलेलं असतं. पण फ्लेक्समधून पाणी जात नाही. वर पडलेला पाऊस त्यावर तळं करतो, खालची ओल खाली कोंडून राहते, आणि दगडांनी भोकं पाडली की त्याच भोकांमधून चिखल कारंज्यासारखा वर येतो. ताडपत्रीचंही तेच. सिमेंटच्या गोण्या उसवून घातल्या तर पाणी जातं, पण त्या पातळ. पहिल्याच रोलरखाली फाटतात.

कापडाची कल्पना परदेशातून तयार होऊन आली आणि आपण ती उशिरा उचलली, असं मला पूर्वी वाटायचं. ते अर्धंच खरं आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याच्या रस्ते खात्याने सुती कापड रस्त्यात घालून पाहिलं आणि १९३५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण त्याच सुमाराला, १९३४ मध्ये, कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवर डांबराबरोबर तागाचं कापड वापरलं गेलं होतं. 'जिओटेक्स्टाइल' हा शब्द जे. पी. जिरू या फ्रेंच अभियंत्याने १९७७ साली रूढ केला. म्हणजे शब्द येण्याआधी चार दशकं आपल्याकडे कापड रस्त्यात गेलं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसची या विषयावरची मार्गदर्शिका २००२ ची आहे, २०१९ मध्ये ती सुधारली गेली. खडीच्या रस्त्यांची स्वतंत्र पुस्तिका २००८ पासून आहे. ज्ञान कमी पडलेलं नाही. ते महामार्गावर पोचलं, घराच्या फाटकापाशी पोचलं नाही.

जुने रस्तेवाले यावर एक आक्षेप घेतात आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, कापडाची गरजच काय? काळीवर आधी सहा-आठ इंच मुरूम दाबा, त्यावर डबराचं सोलिंग, मग खडी. आमच्या आजोबांनी असेच रस्ते केले आणि ते टिकले. हे खरं आहे, आणि का टिकले तेही बघण्यासारखं आहे. मुरमात बारीक, मध्यम, जाड असे सगळे कण असतात. खालच्या चिकण मातीला तो गाळतो आणि वरच्या दगडाला खाली जाऊ देत नाही. मुरूम हेच त्यांचं कापड होतं. धरणाच्या भरावात बारीक रेतीवर जाड रेती आणि त्यावर खडी असे थर देतात त्यामागेही हाच विचार आहे. म्हणजे तत्त्वाबद्दल भांडण नाही. प्रश्न एवढाच की आज तो मुरूम कुठून आणायचा.

तो टेकडीतूनच येतो. पुण्याभोवतीच्या टेकड्यांसाठी या शहराने मोर्चे काढले, न्यायालयांच्या पायऱ्या चढल्या, रविवारी सकाळी झाडं लावली. तेच आपण घरची वाट करताना सहा ब्रास मुरूम फोनवर मागवतो आणि तो कुठल्या उतारावरून ओरबाडला हे विचारत नाही. माझ्या नव्वद चौरस मीटरच्या वाटेला सहा इंच मुरूम द्यायचा तर जवळजवळ पाच ब्रास लागला असता. त्या जागी कापडाचे दोन गुंडाळे एका रिक्षा टेम्पोतून आले. कापडाचं बिल साधारण दीड ब्रास खडीच्या भावात बसलं. आजोबांच्या पद्धतीचा मी आदर करतो; पण आज तो मुरूम टेकडी ओरबाडूनच येतो.

खडीचंही तसंच. ती वाघोली-लोणीकंदच्या खाणींतून आणि क्रशरवरून येते. ज्यांच्या मुलांसाठी खाणींवरच 'पाषाण शाळा' काढाव्या लागल्या, ते लोक त्या धुळीत राबतात. त्यांनी फोडलेला दगड तीन पावसाळ्यांत चिखलात गडप व्हावा आणि आपण 'जमीन खाते' म्हणून पुन्हा मागवावा, हे मला पैशाच्या हिशेबापलीकडे चुकीचं वाटतं. शिवाय एकदा खडी मुरलेलं रान पुन्हा रान होत नाही. नांगराचा फाळ आयुष्यभर दगडाला अडकतो. कापडावरची खडी मात्र उद्या वाट बदलायची झाली तर फावड्याने उचलता येते आणि खालची काळी जशीच्या तशी मिळते.

दुसरा आक्षेप प्लॅस्टिकचा. बाजारात मिळणारं बहुतेक कापड पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं असतं. मातीत प्लॅस्टिक पुरायचं आणि वर पर्यावरणाच्या गोष्टी करायच्या, हे खटकतं; मलाही खटकलं. ताग आणि काथ्या हे पर्याय आहेत. २०२० मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याचं कापड वापरायला मान्यता दिली तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८ किलोमीटर रस्ते धरले होते. नैसर्गिक धागा काही वर्षांत कुजतो, पण तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट होते आणि मग कापडाची गरज उरत नाही, असा त्यामागचा तर्क. बऱ्याच मातींना तो लागू पडतो. आमची काळी मात्र दर उन्हाळ्यात आकसते आणि दर पावसाळ्यात फुगते. ती एकदा घट्ट झाली आणि तशीच राहिली असं होत नाही. म्हणून इथे मी टिकाऊ धागाच निवडला आणि तो उन्हापासून झाकला, कारण या धाग्याला मातीपेक्षा ऊन जास्त मारतं. ज्यांचा प्लॉट उतारावर, मुरमाड जमिनीवर आहे त्यांनी काथ्या वापरावा. ज्यांच्याकडे पक्का मुरूमच आहे त्यांनी कापडावर एक रुपयाही घालवू नये.

कापडाला काय जमत नाही तेही सांगायला हवं, कारण विकणारे ते सांगत नाहीत. कापड माती फुगणं थांबवत नाही. ते पाण्याचा निचरा करत नाही, फक्त निचऱ्याच्या आड येत नाही. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आजही पहिली आहे: खालची जमीन कोरडी ठेवा. ज्याला आपण आजही डब्ल्यूबीएम म्हणतो त्यातला 'एम' त्याच्याच नावाचा आहे. वाटेला मधून दोन्ही बाजूंना उतार हवा, दोन्ही कडांना चर हवी, आणि चरीचं पाणी कुठे जाणार हे खडी मागवण्याआधी ठरलेलं हवं. हे नसेल तर कापड म्हणजे गळक्या छपराखाली अंथरलेली चांगली सतरंजी.

आम्ही काम मृगाच्या आधी उरकलं. वरची वीतभर माती, मुळं, जुनी खडी काढली. निघाली तेवढी खडी धुऊन बाजूला रचली. भेगा कोरड्या मातीने बुजवल्या, उतार काढून धुम्मसाने ठोकलं. मग कापड. दोन पट्टे शेजारी घातले की एकावर एक दीड फूट तरी चढवायचे. मऊ जमिनीत शिवण नसेल तर चढ हीच शिवण. सुरकुती राहिली तर तिथे खडी घसरते, म्हणून दोघांनी ओढून धरलं आणि कडांना दगड ठेवले. सगळ्यांत मोठं भांडण डंपरवाल्याशी झालं. त्याला कापडावर मागे येऊन खडी ओतायची होती. चाक कापडावर आलं की कापड मातीत ओढलं जातं आणि सगळं मुसळ केरात. खडी कडेला ओतून, फावड्याने पुढे ढकलत, आधी सहा इंचांचा थर देऊन मगच त्यावर चाक आलं पाहिजे. आम्ही ४० मिलिमीटरची फोडलेली खडी खाली आणि २० ची वर घेतली. नदीतले गोल गोटे दिसायला सुंदर असतात, पण ते एकमेकांना धरत नाहीत, चाकाखाली घरंगळतात.

या साऱ्या खटाटोपाला शहरात एक सोपं उत्तर तयार आहे: काँक्रीट टाका, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवा. आपल्या मनात रस्त्याची एक जातव्यवस्था पक्की झाली आहे. खडीकरण, मग डांबरीकरण, मग काँक्रिटीकरण. खडीची वाट म्हणजे अजून पूर्ण न झालेली वाट. सोसायटीच्या सभेत 'अंगण काँक्रीट करा' या ठरावाला विरोध होत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते या शहराने पाहिलं आहे. ओढ्यावरची अतिक्रमणं, अरुंद झालेलं पात्र ही मोठी कारणं होतीच. पण वरच्या उतारावरचं प्रत्येक अंगण, प्रत्येक पार्किंग पाणी क्षणात खाली सोडत असेल तर ओढ्याने ते कुठे ठेवायचं? माझ्या वाटेवर सहा इंच खडी आहे. तिच्यात साधारण तिसरा हिस्सा पोकळी धरली तर तिच्या पोटात साडेचार हजार लिटर पाणी मावतं, जवळजवळ अर्धा टँकर. ते हळूहळू चरीतून शोषखड्ड्यात जातं. कच भरून घट्ट केलेल्या खडीत इतकं मावणार नाही, आणि काळी स्वतः पाणी फार सावकाश पिते, हेही खरं. पण काँक्रीटच्या पोटात एक थेंबही मावत नाही.

मग लोक काँक्रीट का निवडतात? ते दिसतं म्हणून. कापड दिसत नाही. काम झाल्यावर ते आहे की नाही हे सिद्ध करायला वाट पुन्हा फोडावी लागते. ज्याने आमची पहिली खडी टाकली त्याला मी कापडाबद्दल विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "खाली काय घातलं ते कोण बघतंय?" त्याला मी दोष देत नाही. त्याने आयुष्यभर पाहिलं होतं की बिल वरच्या थराचं मंजूर होतं, खालच्याबद्दल कुणी विचारत नाही. पुणेकर जंगली महाराज रस्त्याचं कौतुक करतात, १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो दहा वर्षांची हमी देऊन केला म्हणून. त्या गोष्टीत मला डांबरापेक्षा हमी महत्त्वाची वाटते. दहा वर्षांची हमी देणाऱ्याला खालच्या थरात चोरी परवडत नाही. एरवी पुरलेल्या कामाला साक्षीदार नसतो. आणि पुरलेलं काम अपुरं राहिलं तर काय होतं हे या शहराला शिकवायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्यात धरणाच्या पोटातल्या मोरीचं अर्धवट काम आणि तिच्यावरचा खचलेला भराव होता. घरच्या वाटेची त्या दुःखाशी तुलना होऊ शकत नाही. पण झाकण्याआधी बघावं, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

तो नियम सगळ्यांत जास्त गरजेचा आहे तो पाणंद रस्त्यांवर. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. उसाची गाडी, दुधाची गाडी, दवाखान्यात न्यायचं माणूस, सगळं या वाटांवरून जातं, आणि काळ्या रानातली पाणंद पावसाळ्यात बंद पडते. तिथे माती, मुरूम, खडी असा जो अंदाज बांधला जातो त्यात, जिथे भिजलेल्या मातीची ताकद कमी भरते तिथे, कापड ऐच्छिक नको, ठरलेलं हवं. आणि खडी पडायच्या आधी ग्रामपंचायतीतल्या दोन माणसांनी, शक्य तर ज्यांच्या बांधाला ती पाणंद लागून आहे अशा दोघांनी, कापड अंथरलेलं डोळ्यांनी पाहून सही करावी. मेजरमेंट बुकात एक फोटो, दोन सह्या. या नोंदीला नवा निधी लागत नाही.

गेल्या महिन्यात, दुसरा पावसाळा सरल्यावर, मी वाटेच्या कडेला पुन्हा एक खड्डा घेतला. हातभर चौकोन. वीस मिलिमीटरची खडी, तिच्याखाली चाळीसची, दोन्ही कोरड्या. दगड उचलला की हाताला फक्त करडी पूड लागत होती. मग कापड, वरून करडं. चाकूने त्याचा एक चौकोन कापून उलटा केला तर खालची बाजू काळीभोर, ओलसर, आणि तिच्यावर वरच्या दगडांचे ठसे उमटलेले, एकेक कोपरा ओळखू येईल इतके. त्याखाली माती होती, आणि मातीत एकही दगड नव्हता. मी कापलेल्या जागेवर चारी बाजूंनी दीड फूट जास्त येईल असं मोठं ठिगळ ठेवलं, कडा हाताने सपाट केल्या, आणि खडी परत ओढून घेतली.